‘डिस्प्ले येत नाही’

लॅमिंग्टन रोडवर लेख हवा, असं संपादकांचं म्हणणं होतं. रस्त्याचा इतिहास सांगायला वेळ लागत नाही. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव त्याला मिळालं. पुढे कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, तरी ग्रँट रोड स्टेशनबाहेर लोक अजून जुन्याच नावाने पत्ता विचारतात. आधी रेडिओचे सुटे भाग, मग टीव्हीचे, मग संगणकाचे, असा हा बाजार वाढला. काचेमागच्या रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटवर लिहिण्यासारखं मला फारसं सापडलं नाही. एका अरुंद जिन्यावरच्या दुरुस्तीच्या खोलीत मात्र मी गेलो आणि तिथेच अडकलो.

खोलीत एक लांब टेबल, त्यावर रबरी चटई. भिंतीला टेकवून ठेवलेले आठ-दहा उघडे पीसी. टेबलामागे बसणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणतात. आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचं शिक्षण घेतलेला, साठीच्या जवळ आलेला माणूस. “नाव छापू नका,” म्हणाले, “लोक फोनवर फुकट सल्ला मागतात.” खाली दुकानातल्या मुलांना जे पीसी उलगडत नाहीत, ते इथे वर येतात. त्यातही मास्तरांकडे येतात ते कधी चालणारे, कधी न चालणारे.

“पूर्ण बंद पडलेला पीसी सोपा हो,” ते म्हणाले. “तो घरी बंद, दुकानातही बंद. हे असले घरी त्रास देतात आणि इथे आणले की शहाण्यासारखे चालतात.”

असे पीसी बहुतेक असेंबल केलेले असतात. १९८१ साली आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून बांधला. त्यातला बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, तेवढा त्यांचा स्वतःचा होता. कॉम्पॅकने तो नव्याने लिहून काढला, पुढे फिनिक्ससारख्या कंपन्या तसा बायोस विकू लागल्या, आणि पीसी कुणालाही बनवता येऊ लागला. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप आणलं. त्यामुळे त्या मापाचा कुठलाही बोर्ड त्या मापाच्या कुठल्याही कॅबिनेटमध्ये बसू लागला. ही सोय मोठीच. पण सात-आठ कंपन्यांचा माल एकत्र केला, की त्यांच्या सांध्यात होणाऱ्या बिघाडाला कुणीच वाली नसतो. रॅमवाला म्हणतो बोर्ड बघा, बोर्डवाला म्हणतो प्रोसेसर बघा.

मी गेलो तेव्हा टेबलावर डोंबिवलीचा एक पीसी होता. मालक आर्किटेक्चरचा विद्यार्थी. तक्रार अशी: सकाळी बटण दाबलं की पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. दोन-तीनदा बंद-चालू केलं की येतो. मग दिवसभर ठीक. संध्याकाळी रेंडरिंग लावलं की हँग. माउससुद्धा हलत नाही. डोंबिवलीतच विंडोज नव्याने टाकून झालं होतं, एसएसडी बदलून झाली होती, मित्राचं ग्राफिक्स कार्ड लावून पाहिलं होतं. एका दुकानदाराने विंडोजच्या नोंदींमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ बघून एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, गेला म्हणून सांगितलं होतं. मास्तर यावर हसले. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी पीसी नीट शट डाऊन झाला नव्हता. हँग झाला म्हणून मालकाने बटण दाबून बंद केला तरी तीच नोंद पडते.

मास्तरांनी मुलाला फोन लावला. “तुमच्याकडे रात्री भिंतीवरचं बटण कोण बंद करतं?” पलीकडून उत्तर आलं, आई. “आणि एसी?” रात्रभर चालू. मास्तरांनी फोन ठेवला आणि कागदावर लिहिलं: गार, पूर्ण बंद.

मला हा प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. पीसी बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल, तर एसएमपीएसचा एक छोटा भाग जागा असतो. तो जांभळ्या तारेतून सतत ५ व्होल्ट देत राहतो. कॅबिनेटचं बटण दाबलं की बोर्ड हिरवी तार जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडतो. मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मुख्य लाइनी उभ्या राहतात. त्या स्थिर झाल्या की १०० ते ५०० मिलिसेकंदांत एसएमपीएस ‘पॉवर गुड’ नावाचा इशारा देतो. तोवर प्रोसेसरला रोखून धरलेलं असतं. इशारा आला की तो सुटतो आणि बायोसची पहिली ओळ वाचतो. गंमत अशी, की वीज चांगली आहे हे प्रमाणपत्र वीज देणाराच देतो.

एसएमपीएसमधले कपॅसिटर आतल्या द्रवावर चालतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो द्रव सुकतो, कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, आणि थंडीत तो आणखी वाढतो. रात्रभर एसीत गार पडलेला आणि भिंतीवरूनच तोडलेला एसएमपीएस सकाळी पहिल्या दाबाला डळमळीत वीज देतो. दोन-तीनदा दाबेपर्यंत तो थोडा गरम होतो आणि काम निभावतो. दुकानात आणलेला पीसी रिक्षा-लोकलमधून तापून आलेला असतो, म्हणून तिथे तो पहिल्याच दाबाला चालतो.

मल्टिमीटरवर १२ व्होल्टची लाइन चोख दिसत होती. ११.४ ते १२.६ पर्यंत चालतं. काटा मधोमध होता. “मीटर सरासरी सांगतो,” मास्तर म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या जुन्या ऑसिलोस्कोपवरचं फडकं काढलं. १२ व्होल्टच्या लाइनीवर १२० मिलिव्होल्टपर्यंतची थरथर एटीएक्सच्या नियमात बसते. हिरव्या पडद्यावर दिसत होती ती त्याच्या दुपटीहून जास्त. तरीही त्यांनी लगेच एसएमपीएस बदलला नाही. पीसी रात्रभर वायर काढून ठेवला, खिडकीच्या एसीसमोर. सकाळी बोर्डवर डिबग कार्ड लावून बटण दाबलं. सुरुवातीच्या प्रत्येक टप्प्यावर बायोस दोन आकडे पाठवतो आणि हे कार्ड ते दाखवतं. पीसी कुठल्या टप्प्यावर अडला, हे त्यावरून कळतं. या बोर्डवर ५५ म्हणजे रॅमच लावलेली नाही. कार्डावर ५५ आलं, आणि चार रॅम डोळ्यांसमोर बसलेल्या होत्या.

खालच्या मुलाने लगेच खोडरबर काढला. रॅमच्या सोनेरी पट्ट्या रबराने घासायचा हा उपाय मुंबईच्या दमट हवेत खरोखर चालतो. मास्तर मात्र नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायला लावतात, रबराचा कीस खाचेत जाऊ नये म्हणून. पण त्या दिवशी त्यांनी त्याचा हात धरला. “दोन गोष्टी एकदम केल्यास, तर कशाने सुधारलं ते कसं कळणार?” त्यांनी फक्त एसएमपीएस बदलला. पुन्हा रात्रभर गार. सकाळी पहिल्याच दाबाला डिस्प्ले.

मला वाटलं, झालं. मास्तरांनी रेंडरिंग लावलं आणि संध्याकाळी पीसी हँग झाला.

दुसरा बिघाड वेगळाच होता. चारपैकी दोन रॅम मूळच्या, दोन नंतर घेतलेल्या, वेगळ्या कंपनीच्या. एक-एक रॅम लावून मेमटेस्ट चालवला. १९९४ पासून चालत आलेला हा प्रोग्रॅम विंडोजशिवाय, पेनड्राइव्हवरून थेट सुरू होतो आणि रॅमच्या प्रत्येक घरात आकडे लिहून परत वाचतो. चारही रॅम स्वच्छ. दोन-दोन लावल्या, तरी स्वच्छ. चारही एकदम लावल्या आणि काही तासांनी लाल ओळी उमटल्या. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवलासा विद्युतभार, आणि तो गळत असल्याने दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. अशा चार पट्ट्यांचं ओझं प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरवर पडलं, की वेग कमी करावा लागतो. प्रोसेसर रायझेन ३००० मालिकेतला होता. एएमडीच्याच तक्त्यात दोन रॅमना ३२००, चार असतील तर २९३३ किंवा २६६७ असा वेग दिलेला आहे. पाकिटावर ३२०० छापलं होतं म्हणून मुलाने बायोसमध्ये ३२०० ठेवलं. मास्तरांनी २६६७ केलं. मेमटेस्ट रात्रभर चालला. एकही चूक नाही.

म्हणजे मुळात एकही रॅम खराब नव्हती. हे ग्राहकाला पटवणं किती कठीण असेल!

बिघाड भलत्याच जागी दिसतो याचं मोठं उदाहरण २०२४ मध्ये जगाने पाहिलं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरवर गेम बंद पडायचे, आणि संदेश यायचा की ग्राफिक्स कार्डाची मेमरी अपुरी आहे. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली. दोष निघाला प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाढीव व्होल्टेजचा. इंटेलने मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम, सुधारला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण ज्या चिपचं नुकसान आधीच झालं होतं, ती सुधारणार नव्हती.

मास्तरांच्या कामाचं मला कौतुक वाटलं, आणि त्याहून जास्त काळजी. ही विद्या वाट पाहण्याची आहे, आणि वाट पाहण्याचे पैसे कुणी देत नाही. नवा एसएमपीएस बसवला की त्याचं बिल होतं. वेग २६६७ केला त्याचं काय बिल करायचं? ग्राहक म्हणतो, “बदललं तर काहीच नाही!” म्हणून खालची मुलं वस्तू बदलून देतात. त्यांचं चुकत नाही. त्यांना दिवसाला दहा पीसी उरकायचे असतात. विंडोज टाकलं, रॅम बदलली, तपासलं, गेला. पंधरा दिवसांनी तो परत येतो, तेव्हा भांडण होतं.

शिवाय एक-एक भाग बदलून बघायचं, तर खात्रीचे सुटे भाग हाताशी हवेत. मास्तरांच्या खणात डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ अशा रॅम खुणा करून ठेवल्या आहेत. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी रॅम ओढून घेतली आणि किमती भडकल्या. त्या डिसेंबरमध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आता चाचणीसाठी रॅमची जोडी राखून ठेवणं छोट्या दुकानाला परवडत नाही. नव्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते. तिथे काढून बघायचा प्रश्नच मिटतो, सगळा बोर्ड टाकावा लागतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं. कंपन्यांची माहिती तिथे एकत्र मिळते, पण सुटा भागच न निघणाऱ्या यंत्रापुढे त्याचा उपयोग थोडा.

मास्तरांच्या हाताखाली सध्या कुणी शिकत नाही. ऑसिलोस्कोपला हात लावायला मुलं घाबरतात, आणि शिकवायला त्यांनाही सवड नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी आवर्जून छापायला सांगितली. पीसी दुरुस्तीला आणण्याआधी कागदावर लिहा: बिघाड सकाळी होतो की संध्याकाळी, गार असताना की तापल्यावर, भिंतीवरचं बटण रात्री बंद होतं का, गेल्या सहा महिन्यांत काय नवीन लावलं. विंडोज आधी टाकून घेऊ नका. डीडीआर५चा नवा पीसी पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो, तेव्हा घाबरून बटण दाबू नका. आणि काहीही न बदलता पीसी नीट झाला, तरी तपासणीचे पैसे द्या.