अल्डिहाइडचा निचरा आणि आनुवंशिक जनुकदोष

प्रस्तावना

अल्डिहाइड म्हटले की प्रयोगशाळेतील फॉर्मॅलिनची बाटली आठवते. परंतु फॉर्मल्डिहाइड तुमच्या प्रत्येक पेशीत या क्षणीही तयार होत आहे. हिस्टोन प्रथिनांवरील मिथिल गट काढले जातात तेव्हा ते मुक्त होते. मद्य घेतल्यास त्यात अॅसिटाल्डिहाइडची भर पडते. ही संयुगे डीएनए आणि प्रथिनांना सहज चिकटतात आणि डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी जखडूही शकतात. असे जखडलेले धागे उलगडत नाहीत व पेशीविभाजन अडते. म्हणून शरीरात संरक्षणाच्या दोन फळ्या आहेत: पहिली अल्डिहाइड नष्ट करते, दुसरी झालेली इजा दुरुस्त करते. या पाठात दोन्ही फळ्यांतील आनुवंशिक दोष पाहू.

पहिली फळी : एएलडीएच२

यकृतात इथेनॉलचे अॅसिटाल्डिहाइड होते. पुढे तंतुकणिकेतील एएलडीएच२ हे विकर त्याचे निरुपद्रवी अॅसिटेट बनवते. या विकराचे जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे. पूर्व आशियातील सुमारे एक तृतीयांश ते निम्म्या लोकांत या जनुकातील एक अक्षर बदललेले असते. जी च्या जागी ए. त्यामुळे प्रथिनातील ५०४ व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येते आणि एनएडी हा सहघटक नीट बसत नाही. भारतातील बहुतांश लोकसमूहांत हा बदल दुर्मीळ आहे.

एक प्रत चांगली व एक सदोष असेल, तर विकराचे काम निम्मे उरेल असे तुम्हांला वाटेल. तसे होत नाही. हे विकर चार उपघटक एकत्र येऊन बनते. उपघटक निम्मे चांगले, निम्मे सदोष असतील, तर चारही चांगले असण्याची शक्यता १/२ × १/२ × १/२ × १/२ = १/१६, म्हणजे सुमारे ६ टक्के. मिश्र विकरे थोडेफार काम करतात, म्हणून प्रत्यक्ष क्षमता याहून जास्त असते, पण निम्म्यापेक्षा बरीच कमी. सदोष उपघटक चांगल्यांनाही निकामी करतो, हे येथे लक्षात घ्या.

परिणाम काय? थोड्या मद्यानेही चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते. डायसल्फिराम हे व्यसनमुक्तीचे औषध मुद्दाम हीच अवस्था निर्माण करते. दोन्ही प्रती सदोष असणाऱ्यांना हा त्रास इतका होतो की ते सहसा मद्य टाळतात. खरा धोका एकच प्रत सदोष असणाऱ्यांना असतो. ते त्रास सोसून पीत राहतात आणि त्यांच्यात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय वाढते. लाल चेहरा म्हणजे ‘लवकर चढली’ असे समजून थट्टा होते. वास्तविक ती विषाचा निचरा होत नसल्याची खूण आहे.

दोन जनुकांचा एकत्रित दोष

फॉर्मल्डिहाइडचा निचरा मुख्यतः एडीएच५ हे विकर ग्लुटाथायोनच्या साहाय्याने करते. २०२० मध्ये जपानी मुलांमधील एका आजाराचे वर्णन प्रसिद्ध झाले. या मुलांत एडीएच५ च्या दोन्ही प्रती निकामी होत्या, शिवाय एएलडीएच२ चा वरील बदलही होता. अस्थिमज्जा निकामी होणे, बौद्धिक वाढ खुंटणे व ठेंगणेपणा ही लक्षणे त्यांच्यात दिसली. या मुलांनी मद्याला स्पर्शही केलेला नव्हता. पेशीत तयार होणारे फॉर्मल्डिहाइडच पुरेसे ठरले.

दुसरी फळी : फॅन्कोनी रक्तक्षय

स्विस बालरोगतज्ज्ञ गिडो फॅन्कोनी यांनी १९२७ मध्ये वर्णिलेल्या या आजारात जखडलेले डीएनए धागे सोडवणारी दुरुस्ती यंत्रणाच बिघडलेली असते. ती कोणाविरुद्ध राबते, हे बराच काळ स्पष्ट नव्हते. २०११ मध्ये केंब्रिजमधील केतन पटेल यांच्या गटाने एएलडीएच२ आणि दुरुस्तीचे जनुक दोन्ही नसलेले उंदीर तयार केले. त्यांना इथेनॉल दिल्यावर अस्थिमज्जा कोलमडली. २०१३ मध्ये जपानी रुग्णांत असेच चित्र दिसले: फॅन्कोनी रक्तक्षयासोबत एएलडीएच२ चा दोष असलेल्या मुलांची अस्थिमज्जा अधिक लवकर निकामी झाली. म्हणजे दोन्ही फळ्या एकाच शत्रूशी लढतात.

आपल्यासाठी महत्त्व

फॅन्कोनी रक्तक्षय बहुतेक वेळा अप्रभावी पद्धतीने वारशात येतो. नात्यातील विवाहांत, उदाहरणार्थ मामाच्या मुलीशी झालेल्या विवाहात, आई-वडील दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. मुलाच्या रक्तपेशी कमी होत असतील, अंगठ्याची ठेवण वेगळी असेल किंवा उंची वाढत नसेल, तर गुणसूत्रभंगाची चाचणी करतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी भावंड दाता असेल, तर वरून निरोगी दिसले तरी त्याचीही ही चाचणी आधी करावी लागते, कारण त्यालाही तोच आजार असू शकतो.

स्वाध्याय

१. विकर चारऐवजी दोन उपघटकांचे असते, तर एक प्रत सदोष असताना पूर्णतः चांगल्या विकरांचे प्रमाण किती असते?
२. एएलडीएच२ च्या दोन्ही प्रती सदोष असूनही अशा व्यक्तींत मद्यजन्य कर्करोग कमी का आढळतो?
३. मद्य न घेणाऱ्या मुलालाही अल्डिहाइडमुळे इजा कशी होते, ते स्पष्ट करा.