हापूसच्या कलमाला करवत लावावी का?

द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. नाशिक-सांगलीकडे त्यात कुणाला वावगे वाटत नाही. हापूसच्या कलमाला हात लावायला मात्र कोकणातले बागायतदार कचरतात. फांदी तोडली की तेवढे आंबे गेले, असे त्यांना वाटते.

आंब्याचा मोहोर येतो तो पक्व काडीच्या शेंड्यावर, आणि काडी पक्व व्हायला ऊन लागते. 40-50 वर्षांच्या, एकमेकांत घुसलेल्या कलमांत ऊन फक्त वरच्या वरच राहते. आतल्या काड्या वाळतात, आंबा झेला पोचणार नाही इतका वर जातो, आणि सावलीतल्या दमटपणात तुडतुडे पोसले जातात. औषधाचा फवाराही आत पोचत नाही. म्हणजे ज्या फांद्या राखायच्या म्हणून आपण धडपडतो, त्यांतल्या बऱ्याच आंबा देतच नसतात.

याउलट दुसरा समज असा, की छाटायचेच तर झाड बोडके करावे. जुन्या, थकलेल्या बागेचे पुनरुज्जीवन करताना पाऊस संपल्यावर मोठ्या फांद्या कापतात खऱ्या; पण मग दोन-तीन वर्षे उत्पन्न सोडावे लागते. फुटलेली भरमसाट पालवी विरळ करून बाहेरच्या बाजूचे मोजके जोमदार फुटवे ठेवावे लागतात. उघड्या पडलेल्या खोडावर भिरूड किडीची नजर असते, त्यामुळे राखण सुटली तर झाडच हातचे जाते. एवढी तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये. चांगल्या चालत्या बागेला हलकी छाटणीच हवी, आणि तीही आंबे उतरल्याबरोबर. उशीर केला तर नवी पालवी मोहोराच्या वेळेपर्यंत जून होत नाही आणि त्या वर्षी तिच्यावर आंबा धरत नाही. पेरूचे गणित निराळे, त्याला फूल नव्या फुटीवरच येते. त्याचा नियम आंब्याला लावू नये.

फांदी खोडाला घासून कापली की जखम लवकर भरते, हेही खरे नाही. फांदीच्या बुडाशी फुगीर कडे असते. जखम झाकणारी नवी साल तिथूनच वाढते, म्हणून ते राखून कापावे. लांब खुंटही ठेवू नये, तो कुजतो. जड फांदीला आधी खालून अर्धवट काप द्यावा, मग वरून कापावे, म्हणजे साल सोलवटत नाही. कापलेल्या तोंडाला डांबर फासून कुज थांबत नाही. अमेरिकन वृक्षतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून हे दाखवले. कोकणच्या पावसात बोर्डो पेस्ट लावावी, कारण ती बुरशीनाशक आहे: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी.

बांडगुळाबाबत तर फारच गाफीलपणा दिसतो. नुसती पाने ओरबाडली की ते पुन्हा फुटते, कारण त्याची मुळे फांदीच्या लाकडात शिरलेली असतात. ती फांदीच बांडगुळाच्या खालून कापावी, तेही त्याला फळ धरण्याआधी. फळ पिकले की पक्षी त्याचे बी शेजारच्या कलमावर नेतात.

यंदा आंबे उतरले की भर दुपारी कलमाखाली उभे राहून वर बघा. जमिनीवर उन्हाचा कवडसा पडत नसेल, तर मधली एखादी उभी फांदी काढाच.