अध्यक्ष बदलावा की राखावा?

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत नेवाशाच्या नागरिकाचे मत प्रत्यक्ष पडत नाही. ते त्याच्या वतीने आमदार देतो. 2022 मध्ये महाराष्ट्रातील प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य 175 धरले गेले होते. सत्ताधारी पक्षाचा अध्यक्ष राखावा की बदलावा, हा प्रश्न अमेरिकेतील मतदारापुढे दर चार वर्षांनी उभा राहतो. नेवासेकरापुढे तो उभा राहतो प्रवरेच्या काठी, स्वतःच्या नगरपंचायतीत. तेथे डिसेंबर 2025 च्या निवडणुकीत मतदाराच्या हाती दोन मते होती : एक प्रभागातील सदस्यासाठी, दुसरे थेट नगराध्यक्षासाठी.

हा थेट निवडीचा हक्कही स्थिर राहिलेला नाही. तो 2016 मध्ये दिला गेला, 2020 मध्ये काढून घेतला गेला आणि 2022 मध्ये पुन्हा दिला गेला. मुंबईत सत्तांतर व्हावे आणि मागून नगराध्यक्षाच्या निवडीची रीतही बदलावी, असे तीनही वेळा घडले. ज्या नियमाने मतदाराने निवाडा करावयाचा, तो नियमच सत्ताधाऱ्यांच्या सोयीने हलत असेल, तर मतदाराने अधिक सावध राहिले पाहिजे हे उघड आहे.

राखण्याच्या बाजूने बहुधा एकच युक्तिवाद ऐकू येतो. राज्यात ज्यांची सत्ता, गावातही त्यांचीच असावी. नाही तर निधी येणार नाही. यात तथ्य अजिबात नाही, असे म्हणता येणार नाही. विशेष योजनांचा पैसा मंत्रालयातून सुटतो आणि तेथे ओळख चालते. परंतु वित्त आयोगाच्या अनुदानास सूत्र असते, आणि त्याचा मोठा भाग पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठीच बांधलेला असतो. तो कोणाची मेहेरबानी नव्हे. ‘आम्हांस मत द्या, नाही तर नळ कोरडा राहील’ असे जो सांगतो, तो नागरिकाचे हक्काचे देणेच त्याला बक्षीस म्हणून दाखवीत असतो.

मग बदल हेच औषध समजावे काय? नेवासे विधानसभा मतदारसंघाचा अनुभव येथे उपयोगी पडतो. 2009 मध्ये तेथे राष्ट्रवादी काँग्रेसचे शंकरराव गडाख निवडून आले, 2014 मध्ये भारतीय जनता पक्षाचे बाळासाहेब मुरकुटे, 2019 मध्ये पुन्हा गडाख, पण क्रांतिकारी शेतकरी पक्षातर्फे, आणि 2024 मध्ये शिवसेनेचे विठ्ठलराव लंघे. चार निवडणुका आणि चार चिन्हे! शिवाय 2020 मध्ये गडाखांनी शिवसेनेत प्रवेश केला, तेव्हा मतदाराने काही न करताच मतदारसंघाचा पक्ष बदलला. आणि पुढे त्या शिवसेनेचेच दोन भाग झाले. अशा ठिकाणी ‘पक्ष बदलावा काय’ हा प्रश्न अपुरा पडतो. पाटी बदलते, कारभार करणारी माणसे, त्यांचे गट आणि त्यांचे कारखाने पुष्कळदा तेच राहतात.

या सर्वांहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. 2017 मध्ये निवडलेल्या नगरपंचायतीची मुदत 2022 मध्ये संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता. अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. या काळात नागरिकाने राखावयास किंवा बदलावयास कोणी सत्ताधारीच नव्हता. गटार तुंबले तर जाब कोणास विचारावयाचा? वाईट अध्यक्ष पाच वर्षांनी तरी घालविता येतो. प्रशासकास घालविण्याचे साधन मतदाराजवळ नसते.

थेट निवडीत आणखी एक गुंता आहे. अध्यक्ष एका पक्षाचा आणि सतरा सदस्यांपैकी बहुसंख्य दुसऱ्या पक्षाचे, असे होऊ शकते. फ्रान्समध्ये 1986 साली अध्यक्ष मित्तेराँ एका पक्षाचे व पंतप्रधान शिराक दुसऱ्या पक्षाचे असा संसार सुरू झाला. पुढे 2000 मध्ये सार्वमत घेऊन तेथे अध्यक्षाची मुदत सात वर्षांवरून पाचांवर आणली गेली, त्यामागे हा अनुभव होता. नगरपंचायतीत असे झाले तर अंदाजपत्रक अडते, की उलट हिशेब अधिक बारकाईने तपासला जातो, हे दोन्ही बाजूंच्या वृत्तीवर अवलंबून राहते. ती वृत्ती प्रचारसभेत कळत नाही. सभेची इतिवृत्ते, मंजूर झालेले ठराव व पुरी झालेली कामे यांवरून ती कळते. आणि ही कागदपत्रे माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यान्वये साध्या अर्जावर मागविता येतात.