लेखक की लेखनिक?

डीएनएवर मिथिल-खूण करणाऱ्या विकरांना सरसकट ‘लेखक’ म्हणण्याचा प्रघात आहे. मानवी ‘डीएनएमटी १’ या विकरास ते नाव शोभत नाही. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस दासोपंतांनी पासोडीवर ओव्या लिहिल्या, ते लेखन. मूळ पोथी पाहून प्रतीत जागच्या जागी अनुस्वार देणे, हे लेखनिकाचे काम. पेशीविभाजनापूर्वी डीएनएची प्रत तयार होते, तेव्हा जुन्या धाग्यावरील खुणा नव्यावर उतरविणे हेच या विकराचे मुख्य कार्य होय. खुणेने अक्षर पालटत नाही. जनुक वाचले जावे की मूक राहावे, हे मात्र पुष्कळदा तीवर अवलंबून असते. नवी खूण घालणारे खरे लेखक ‘डीएनएमटी ३ए’ व ‘३बी’. लेखनिकातील वैगुण्य किती महाग पडते, हे २०११ साली उघड झाले: या विकराच्या जनुकातील काही दोषांमुळे संवेदना, श्रवण आणि पुढे स्मृतीही हरपते.