गाठीला सुई लावली तर...

स्तनात गाठ लागली की तपासणीच्या आधी बाईच्या कानावर घरातूनच येतं, "सुई लावू नको, गाठ चिघळते आणि अंगभर पसरते." या एका वाक्यापायी कित्येकींचे मोलाचे महिने जातात, म्हणून ते नीट तपासून पाहायला हवं.

भीती अगदीच निराधार नाही. सुई बाहेर येताना तिच्या वाटेवर थोड्या पेशी सांडू शकतात. यकृताच्या कॅन्सरमध्ये सुईच्या वाटेवर गाठ रुजण्याचं प्रमाण, अनेक अभ्यास एकत्र करून 2008 साली काढलं गेलं, ते 2.7 टक्के होतं. म्हणूनच सिरोसिसच्या रुग्णात सीटी किंवा एमआरआयवर चित्र स्पष्ट असेल, तर बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणं, बहुधा करत नाहीत. अंडकोषातल्या संशयित गाठीला बाहेरून सुई लावत नाहीत. जांघेतून छेद घेऊन अंडकोषच काढतात. हाडाच्या सार्कोमात सुईची वाट ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या सल्ल्याने ठरते, म्हणजे पुढे गाठीबरोबर तीही काढता येते. धोका कुठे आहे, हे डॉक्टरांना ठाऊक असतं.

स्तनाचं तसं नाही. जागा बधिर करतात, यंत्राचा 'खट्' आवाज होतो आणि दोऱ्याएवढा पांढुरका तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडतो. वाटेत पेशी सांडतात, पण बायोप्सी आणि ऑपरेशन यांत जितके जास्त दिवस जातात तितक्या त्या कमी सापडतात. म्हणजे बहुतेक तिथेच मरतात. सुईने आयुष्य घटतं का, हे दुसऱ्या एका कॅन्सरमध्ये पाहिलं गेलं आहे. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या दोन हजारांवर रुग्णांची माहिती अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी तपासली. 2015 सालच्या या अभ्यासात सुईची तपासणी झालेले रुग्ण कमी जगले नव्हते, उलट थोडे जास्तच जगले होते. सुईमुळे आयुष्य वाढलं असं यातून म्हणता येत नाही, पण ते घटल्याचंही दिसलं नाही.

मग हा समज आला कुठून? माणूस उशिरा येतो, तोवर आजार आतून पसरलेला असतो. सुईनंतर तो कळतो आणि दोष सुईवर येतो.

तुकडा न तपासता औषध ठरवायचं तरी कसं? स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू या पेशींतल्या खुणांच्या तपासण्या त्याच तुकड्यावर होतात आणि हार्मोनची गोळी लागू पडेल का, हे पहिल्या दोन खुणांवरून कळतं. शिवाय प्रत्येक गाठ कॅन्सरचीच नसते. मानेतली गाठ तर आपल्याकडे अनेकदा टीबीची निघते आणि सहा महिन्यांच्या औषधांनी सहसा बरी होते.