जपानी सचेतनपटांतील बुद्धिबळ : नियम आणि नाट्य

प्रास्ताविक

जपानी सचेतनपट, म्हणजेच ‘अ‍ॅनिमे’, हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आवडीचा विषय आहे. या मालिकांत दोन पात्रांमधील बौद्धिक संघर्ष दाखविण्यासाठी बुद्धिबळाच्या पटाचा वारंवार उपयोग केला जातो. त्या पटावरील चाली खेळाच्या वास्तविक नियमांना धरून असतात काय, आणि नसल्यास त्यामुळे कलाकृतीचे काय बिघडते, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनासाठी ‘कोड गियास’ ही मालिका प्रामुख्याने निवडली असून तुलनेसाठी अन्य मालिकांचा आधार घेतला आहे.

नियम आणि संकेत यांतील भेद

परीक्षण करताना प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. बुद्धिबळात काही गोष्टी नियमाने निषिद्ध असतात, तर काही केवळ अनुभवाने अनिष्ट ठरलेल्या असतात. राजाला शह बसेल अशा घरात नेणे निषिद्ध आहे. परंतु डाव भरात असताना राजाला पुढे काढणे हे केवळ धोक्याचे असते.

‘कोड गियास’ ही गोरो तानिगुची दिग्दर्शित मालिका २००६ साली प्रसारित होऊ लागली. तिच्या पहिल्याच भागात नायक लेलूश दुसऱ्याचा हरत आलेला डाव हाती घेतो आणि प्रारंभ राजाच्या चालीने करतो. राजाच पुढे सरला नाही तर प्रजा त्याच्यामागे कशी येईल, ही त्यामागील त्याची भूमिका असते. ही चाल रूढ संकेताविरुद्ध असली तरी नियमाविरुद्ध नाही. किंबहुना, पटावर मोजकीच मोहरी उरल्यानंतर राजा हे आक्रमक मोहरे बनते, हे प्रत्येक अभ्यासू खेळाडू जाणतो. म्हणून या दृश्यावर नियमभंगाचा आरोप करता येत नाही.

दोन राजे समोरासमोर

याच मालिकेच्या २००८ साली प्रसारित झालेल्या दुसऱ्या पर्वातील प्रसंग मात्र वेगळा आहे. मुखवटा धारण केलेला लेलूश राजपुत्र श्नायझेलला डावाचे आव्हान देतो. लेलूश जिंकल्यास त्याला सुझाकू हा योद्धा मिळावयाचा असतो आणि हरल्यास मुखवटा उतरवावयाचा असतो. डाव अनिर्णित राहण्याच्या बेतात असताना श्नायझेल आपला पांढरा राजा लेलूशच्या काळ्या राजाला लागून ठेवतो. लेलूश तो राजा मारीत नाही; असा देऊ केलेला विजय त्याला मान्य नसतो. त्यावरून श्नायझेल त्याच्या स्वभावाचा अंदाज बांधतो; सम्राटाने तो राजा बेधडक मारला असता, असे त्याचे मत असते.

नियमांच्या कसोटीवर हा प्रसंग टिकत नाही. राजा आपल्या शेजारच्या प्रत्येक घरावर मारा करीत असल्याने दोन राजे लगतच्या घरांत कधीच येऊ शकत नाहीत. तसेच, जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनुसार प्रतिपक्षाचा राजा मारणे ही चालच अस्तित्वात नाही. डाव मात होताच संपतो. दीर्घ वेळेच्या अधिकृत सामन्यात अशी चाल झाल्यास पूर्वीची स्थिती पटावर पुन्हा मांडली जाते, प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे अधिक दिली जातात, आणि ज्या राजाला हात लावला त्याचीच वैध चाल शक्य असल्यास ती करावी लागते. त्याच खेळाडूने दुसऱ्यांदा असे केल्यास सामान्यतः त्याचा पराभव घोषित होतो.

हा प्रमाद जपानी ‘शोगी’च्या प्रभावाने घडला असावा, असेही म्हणता येत नाही. शोगीत राजाला मारात ठेवणे तितकेच निषिद्ध असून तेथे नियमबाह्य चाल करणारा तत्काळ पराभूत ठरतो.

अन्य मालिकांशी तुलना

‘हिकारू नो गो’ या ‘गो’ खेळावरील कथामालेसाठी युकारी उमेझावा या व्यावसायिक खेळाडूचे, तर शोगीवरील ‘सान्गात्सु नो लायन’च्या मूळ चित्रकथेसाठी मानाबू सेंझाकी या व्यावसायिक खेळाडूचे मार्गदर्शन लाभले होते. तेथे पट हाच कथेचा विषय आहे. तो चुकला तर कथाच उणावते.

२०१४ सालच्या ‘नो गेम नो लाइफ’ मध्ये तिसरा मार्ग दिसतो. तेथील एका डावात मोहऱ्यांना स्वतःची इच्छा असते. ती आज्ञा नाकारू शकतात, प्यादे नेहमीपेक्षा अधिक घरे ओलांडते. परंतु मोहऱ्यांचा हा स्वभाव प्रेक्षकासमोर स्पष्ट केला जातो. जाहीर केलेला भिन्न नियम म्हणजे नियमभंग नव्हे. भारतातील जुन्या देशी पद्धतीतही राजाला डावात एकदा घोड्याची अडीच घरांची चाल करता येत असे. दोन्ही खेळाडूंना ते ठाऊक असल्याने त्यात अन्याय नव्हता.

नियमभंगाचा अर्थ

‘कोड गियास’मधील दृश्याचे समर्थन करताना ते प्रतीकात्मक आहे, असे म्हटले जाऊ शकते. हे समर्थन अंशतः मान्य होण्यासारखे आहे. दोन राजांची समोरासमोर भेट हे सत्तासंघर्षाचे प्रभावी चित्र आहे. तथापि त्याची किंमतही मोजावी लागते. या प्रसंगात लेलूशपुढे दोनच पर्याय ठेवले आहेत : देऊ केलेला विजय स्वीकारणे अथवा अभिमानाने नाकारणे. वास्तविक नियमांनी त्याला तिसरा पर्याय दिला असता. ‘ही चाल अवैध आहे’ असे तो म्हणू शकला असता, आणि मग परीक्षा त्याची नव्हे, तर श्नायझेलची झाली असती. नियम दृष्टिआड केल्यामुळे नियम मोडणारा परीक्षक ठरतो आणि तो पाळणारा परीक्षार्थी.

निष्कर्ष

सचेतनपटांतील बुद्धिबळ एकाच मापाने मोजता येत नाही. संकेताविरुद्ध चाल, जाहीर केलेला भिन्न नियम आणि अघोषित नियमभंग या तीन स्वतंत्र बाबी आहेत. पहिल्या दोहोंनी कथा समृद्ध होते. तिसरीने नाट्य साधले तरी संघर्षाचा तोल ढळतो. दुर्बलाला बलवानासमोर समान पातळीवर बसविण्याचे सामर्थ्य पटाला त्याच्या नियमांमुळेच लाभते. वर्गात अशा दृश्याची चर्चा करताना ‘चाल बरोबर की चूक’ एवढ्यावर न थांबता, ‘नियम बाजूला सारल्याने लाभ कोणाचा झाला’ हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अधिक उपयुक्त ठरेल.