दावा ‘परत’ आला? आधी तारीख बघा!



समजा, खोपोलीत तुमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पुण्याच्या पार्टीकडे दोन लाख अडकले. तुम्ही खालापूरच्या कोर्टात दावा टाकला आणि कोर्टाने ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून वादपत्र परत दिलं. पैसे बुडाले का?

नाही! दावा फेटाळणं वेगळं, परत करणं वेगळं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7 नियम 10 प्रमाणे कोर्ट एवढंच सांगतंय की योग्य कोर्टात जा. तुमचं येणं खरं की खोटं, यावर निर्णय झालेलाच नाही.

आता दोन रस्ते आहेत.

पहिला, अपील. आदेश 43 नियम 1 ही संधी देतो. जिल्हा न्यायालयात मुदत 30 दिवस. म्हणून आदेशाची प्रमाणित नक्कल त्याच दिवशी मागा.

दुसरा, योग्य कोर्टात पुन्हा दावा. मालाच्या पैशासाठी साधारण 3 वर्षांची मुदत असते. पहिल्या कोर्टात प्रामाणिकपणे गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम 14 खाली वगळून मिळतो. पण सुनावणी नव्याने सुरू होते.

इथे एक खड्डा आहे. कोर्ट ‘हद्द नाही’ म्हणालं की नियम 10अ खाली तुम्ही अर्ज करून नव्या कोर्टातली तारीख घेऊ शकता. सोयीचं वाटतं ना? पण तो अर्ज मंजूर झाला की अपिलाचा हक्क जातो! आधी ठरवा, मग सही करा.

ठरवायचं कशावरून? पर्चेस ऑर्डरच्या तळाची बारीक ओळ वाचा. हकम सिंग विरुद्ध गॅमन (1971) या खटल्यात करारात फक्त मुंबईचं कोर्ट ठरलं होतं. वाराणसीत केलेला अर्ज टिकला नाही. उलट ए. बी. सी. लॅमिनार्ट खटल्यात (1989) सेलमच्या कोर्टाने दावा परत केला होता, कारण करारात गुजरातच्या खेडा इथलं न्यायक्षेत्र लिहिलं होतं. अपिलात तो आदेश रद्द झाला आणि सुप्रीम कोर्टानेही सेलमची हद्द मान्य केली. व्यवहाराचा काही भाग तिथे घडला होता आणि करारात ‘फक्त खेडा’ असं म्हटलेलं नव्हतं.

पण ‘फक्त’ शब्द नाही म्हणून निर्धास्त राहू नका. 2013 च्या स्वस्तिक गॅसेस निकालानुसार तो शब्द नसला, तरी करारातलं ठिकाणच बंधनकारक ठरू शकतं.

त्यामुळे ऑर्डर, चलन, बिल घेऊन याच आठवड्यात वकिलांकडे जा. आणि पुढची ऑर्डर घेताना ती तळाची ओळ आधी वाचा, भाव नंतर करा!